मानेवरचा उजेड

१

टोपी काढताना फोटोकाका ओरडले नाहीत, आणि सिस्टरला धसका बसला तो त्यामुळेच. दुखणं एका हद्दीपलीकडे गेलं की माणूस आवाजसुद्धा वाचवायला लागतो, हे तिला नोकरीने शिकवलं होतं. टोपीचं अस्तर कातडीला चिकटलं होतं. तिने सलाइनचं पाणी सोडत सोडत ते सुटं केलं, टोपी उचलली, आणि मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने तोंड फिरवलं.

टक्कल फोडांनी भरलं होतं. कानांच्या वरच्या कडा सोलल्या होत्या. मानेकडे तर बघवत नव्हतं. सूज उतरत उतरत पापण्यांवर आली होती आणि दोन्ही डोळे मिटून गेले होते.

"काका, परवा तर मला चिडवत घरी गेलात," सिस्टर म्हणाली. "काय केलंत हे?"

"काही नाही केलं. तू सांगितलंस तसा अंधारात बसलो. उजेडात पाऊल टाकलं नाही. हिची शपथ."

ही म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन काही वर्षं झाली होती, पण काकांच्या बोलण्यात ती अजून शेजारच्या खोलीतच असायची.

फोटोकाकांनी उभा जन्म लोकांना उन्हात उभं करण्यात घालवला होता. शाळांचे वर्ग, कारखान्यांचे कामगार, निवृत्त होणारे साहेब. चेहऱ्यावर उजेड पाहिजे म्हणून लोकांची तोंडं उन्हाकडे, म्हणजे काकांची पाठ कायम उन्हाकडे. टोपीची कड कॅमेऱ्याला आडवी येते म्हणून टोपी नाही. ऊन विसरत नाही. म्हातारपणी टक्कल, कपाळ, कान आणि मान यांच्यावर खरखरीत, खवल्यांचे डाग उठले. वेळीच न आवरल्यास पुढे वाईट वळण घेणारे.

त्यावरचा उपाय साधा होता. एक मलम लावायचं. खराब झालेली कातडी ते पिते आणि उजेडाला हपापते. मग तिला मशीनखाली निळा उजेड द्यायचा, की ती स्वतःच जळून गळते आणि खालून नवी येते. पथ्य एकच. पुढचे दोन दिवस अंधार, कारण कातडीची भूक लगेच मरत नाही.

दोन दिवस संपले होते, आणि समोर हे डोकं होतं. काका खरं बोलत असतील, तर चूक घरात झाली नव्हती. मग ती कुठे झाली, याचं उत्तर सिस्टरला दारात आलेल्या डॉक्टरांच्या कपाळावर आत्ताच लिहिलेलं दिसत होतं.

२

दवाखान्यात तक्रारींची चौकशी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे पाठीमागे टाचणीबाई म्हणत. कागद टाचून ठेवायची सवय हे कारण सांगितलं जाई. खरं कारण ज्यांना टोचलं होतं त्यांनाच ठाऊक. त्या आवाज चढवत नसत. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्यांच्या डोक्यात दोन रकाने चालू असत, जमा आणि नावे, आणि माणूस उठेपर्यंत त्याची बाकी निघालेली असे.

"प्रकरण सरळ आहे," डॉक्टर म्हणाले. "मलम ठरल्या वेळेपेक्षा जास्त राहिलं. सिस्टरने स्वतः कबूल केलंय. सोमवारी समितीपुढे पत्र ठेवतो. असं माणूस लाइट रूममध्येच काय, कुठल्याच वॉर्डात ठेवता येत नाही."

"कबूल केलं म्हणजे विचारल्यावर?"

"न विचारता. एवढाच तिचा चांगुलपणा."

बाईंनी तो चांगुलपणा सिस्टरच्या जमेला धरला, आणि डॉक्टरांची घाई डॉक्टरांच्या नावे.

लाइट रूममध्ये सिस्टर पलंगाच्या चादरीला नसलेल्या सुरकुत्या काढत होती. एका कोपऱ्यात मशीन होतं, कमानीसारखं वाकलेलं, आतून निळ्या नळ्यांचं. दुसऱ्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं काहीतरी उभं होतं.

"हे काय?"

"जुनं मशीन, बाई. चालतं, पण वापरत नाही. त्याच्याखाली पेशंटला फार झोंबतं."

"आता त्या दिवसाचं सांगा."

"आधीच्या पेशंटला मशीनखाली वेळ लागला, म्हणून काका थांबले. मलम जास्त राहिलं ते खरं. मी डॉक्टरांना विचारलं होतं. चालेल म्हणाले. आता त्यांना आठवत नाही." तिने चादरीवरून पुन्हा हात फिरवला. "पत्र गेलं, तर मला कुणी दारात उभं करणार नाही, बाई. दुसरं काही येत नाही मला."

"मलम कुठे कुठे लावलं?"

"कपाळ, टक्कल, कान, मान. सगळीकडे एकाच वेळी, एकाच हाताने."

"आणि जळलं कुठे?"

ज्या गोष्टीला सिस्टरने रोज पट्ट्या बांधल्या होत्या, ती तिला आत्ता दिसली.

"कपाळ सुजलंय," ती हळू म्हणाली. "पण त्यावर फोड नाही. एकही नाही."

"मलमाचा दोष असता तर कपाळाला काय सूट मिळाली असती?" बाई उठल्या. "आणखी काही? बारीकसारीक चालेल. मला बारीकसारीकच लागतं."

"वास येत होता, बाई. व्हिनेगरचा. मला वाटलं घरी कुणीतरी डोक्याला काही लावलं. पण डोक्याला नव्हता येत." तिने स्वतःच्या मनगटाला हात लावला. "बाहीला येत होता. आणि शर्ट तर घरी दोन दिवस अंगावर होता तोच."

३

फोटोकाकांचं घर स्टुडिओच्या डोक्यावर होतं. खाली बंद शटर, वर तीन खोल्या, आणि घराच्या पोटातून खाली उतरणारा एक बिनखिडकीचा जिना. दार काकांच्या बहिणीने उघडलं. तिला गल्ली आत्या म्हणायची, आणि गल्लीतल्या प्रत्येकाची भाची-भाचा असल्यासारखी झडती आत्या घ्यायची.

"चौकशीला आलात ना? मग चौकशी फार लांब नेऊ नका," आत्या बसायच्या आधीच म्हणाली. "स्वयंपाकघरात उभी आहे ती. सूनबाई. व्हिनेगर चोपडलं तिने माझ्या भावाच्या डोक्याला. मोबाइलवर बघून. तिला सगळं मोबाइल शिकवतो, आम्ही काय मेलोय?"

"तुम्ही चोपडताना पाहिलंत?"

"पाहायला कशाला पाहिजे? वास आला मला."

"आत्या, पुरे आता," मुलगा म्हणाला. त्याची झोप झालेली नव्हती. बाईंना त्याने वडिलांची खोली दाखवली. खिडकीवर जाड घोंगडी, चारी कडांना खिळे, फटीत कापूस. टीव्हीवर चादर. आरसासुद्धा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"आरसा का फिरवलात?"

"काय माहीत. उजेड उलटून येईल असं वाटलं." तो ओशाळला. "घरी आणताना गाडीतसुद्धा त्यांच्यावर पांघरूण टाकलं होतं. कसायाच्या गाडीत बकरा नेल्यासारखं वाटतंय म्हणाले."

बाईंनी दार लावून घेतलं आणि आत उभ्या राहिल्या. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. या मुलाच्या नावे घालायला निदान या खोलीत काही नव्हतं. आणि खिडकीतून चोरून ऊन आलंच असतं तरी त्याने एक गाल, एक कान पकडला असता. काकांचे दोन्ही कान सारखे सोलले होते.

"खाली स्टुडिओत जात होते का ते?"

"नाही. मागेच बंद केलं. डार्करूममधल्या फोटो धुवायच्या औषधांनी त्यांची छाती धरते, डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वचन दिलंय त्यांनी. किल्ली स्वयंपाकघरात असते." मग घोंगडीची कड दाबत, "आणि ते सगळं विकलंय मी. महिनाअखेरीला ताबा द्यायचाय."

स्वयंपाकघरात सून कपबशा पुसत होती. ती हळू बोलणारी होती, आणि या घरात हळू बोलणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

"व्हिनेगर लावलंत?"

"नाही."

"मग वास?"

"मला नाही माहीत." हे उत्तर फार लवकर आलं.

"दोन दिवस जेवण कोण देत होतं?"

"मीच. दार उघडायचं नाही म्हणून बाहेर स्टुलावर ठेवायची. ताट रिकामं मिळायचं. चहाचं मात्र..." ती थांबली.

"चहाचं काय?"

"काही नाही. वेळेवर प्यायचे."

बाईंनी मांडणीकडे पाहिलं. निळ्या फुलांचे कप ओळीने उलटे ठेवलेले, आणि ओळीत एक दात पडल्यासारखी मोकळी जागा. बशी होती, कप नव्हता.

"डार्करूमची किल्ली द्या," बाई म्हणाल्या.

सुनेने किल्ली काढून दिली. ती खिळ्यावर नव्हती. तिच्या खिशात होती.

४

जिना काळोखा होता, पण पायऱ्या मधोमध स्वच्छ होत्या. धूळ फक्त कडांना. स्टुडिओत कॅमेऱ्याचा तिपाया, मोडकं स्टूल, आणि सुतळीने बांधलेले निगेटिव्हचे गठ्ठे. पलीकडे डार्करूमचं दार. कुलूप गंजलेलं, पण किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली.

आत नाकात शिरला तो व्हिनेगरचा वास. बाईंनी भिंत चाचपून बटण दाबलं आणि पांढरी नळी फडफडत पेटली.

ओट्यावर ओळीने ट्रे, त्यांत फोटो धुवायच्या औषधांचं पाणी, आणि वास त्याचाच. कडेला निळ्या फुलांचा कप, तळाशी चहा वाळलेला. एका कोपऱ्यात कागदांची पेटी, झाकण बाजूला, आतलं काळं वेष्टण उघडं. पेटीतल्या वरच्या कोऱ्या कागदाचा रंग बाईंच्या देखत किंचित जांभळट व्हायला लागला होता. त्यांना नवल वाटलं, पण त्या पुढे गेल्या, कारण दोरीवर चिमट्यांनी फोटो वाळत घातले होते.

ते फोटो विचित्र होते. शाळेचा वर्ग. कारखान्याचं टोळकं. खुर्चीतला साहेब. पण माणसं मधोमध नव्हती. सगळ्या कडा न कापता सोडून दिल्यासारख्या, नको ती झुडपं, नको त्या भिंती. आणि प्रत्येक फोटोच्या एका कडेला एक हात. बाईचा. पांढरा पत्रा धरलेला, मनगटापर्यंत, कधी कोपरापर्यंत. माणसं बदलत होती, वर्षं बदलत होती, हात तोच. पहिल्या फोटोत तरुण, पुढे शिरा दिसायला लागलेला.

शेवटच्या चिमट्याला एक कागद होता. कोरा. पांढराशुभ्र. त्यावर काहीही नव्हतं.

कोरा कागद कुणी धुऊन वाळत का घालेल, याचा बाई विचार करत राहिल्या. मग त्यांनी ट्रेच्या ओळीसमोर उभं राहून पाहिलं. ओटा बुटका होता. ट्रेमधलं नीट दिसायचं तर कमरेत वाकायला लागत होतं आणि मान खाली घालावी लागत होती. बाई तशा वाकल्या. हनुवटी छातीला लागली. कपाळ पाण्याकडे गेलं, आणि छताकडे कोण उरलं? टक्कल, कानांच्या कडा, मान.

त्या तशाच राहून मान वळवून वर बघू लागल्या. त्यांच्या डोक्याच्या वर, हाताच्या अंतरावर, एक बल्ब टांगलेला होता. जुन्या काळवंडलेल्या होल्डरमध्ये नवाकोरा, टपोरा बल्ब.

त्यांनी नळी बंद केली आणि तो बल्ब लावला. मग बराच वेळ त्या तिथेच उभ्या राहिल्या, कारण सगळा हिशोब जुळत आला होता आणि शेवटच्या ओळीत फसला होता.

दिवा लाल होता. आणि मशीन निळं होतं.

५

"ती चादर काढा," बाई म्हणाल्या.

सिस्टरने जुन्या मशीनवरची चादर ओढली. डॉक्टर दारात उभे होते. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. बाईंनी स्वतः बटण दाबलं. भिंत, पलंग, सिस्टरचा ॲप्रन, डॉक्टरांचा चेहरा, सगळं लाल झालं.

"यालाही तेच मलम लागतं?"

"तेच," डॉक्टर म्हणाले. "निळा वरवर काम करतो. लाल कातडीत खोल जातो. म्हणून जास्त झोंबतो. पण याचा इथे काय..." आणि ते मध्येच थांबले. ते हुशार होते. फक्त त्यांच्या हुशारीला नेहमी पुढच्या पेशंटची घाई असे.

"साधा लाल बल्ब असेल तर?"

"साध्या बल्बने काय होणार? हां, आजकालचे ते एलईडी असतील, अगदी डोक्याजवळ, आणि तास न् तास..." ते खुर्चीवर बसले. "कोण बसतं असं?"

बाई उत्तर न देता वॉर्डात गेल्या. काका उशीला पाठ न टेकता बसून होते. मानेमुळे टेकता येत नव्हतं. डोळे अजून बंद.

"कोण, टाचणीबाई ना? चपलेवरून ओळखलं. सिस्टर तुम्हाला हेच नाव म्हणते."

"म्हणू दे. काका, डार्करूम बघून आले."

त्यांचा चेहरा फार सुजला होता, त्यावर काही वाचणं शक्य नव्हतं. पण हात चादरीवर थांबला.

"दार उघडलंत," ते म्हणाले. "दिवा लावलात? पांढरा?"

"लावला."

"पेटी उघडी होती."

"हो."

"गेले कागद." ते हळूच म्हणाले, रागावून नाही. "मान अचानक पेटल्यासारखी झाली, मी तसाच वर पळालो. झाकण राहिलं. तो कागद आता कुठे मिळत नाही, बाई. शेवटची पेटी होती."

बाईंनी आयुष्यात बऱ्याच जणांच्या नावे बरंच काही घातलं होतं. ही रक्कम त्यांना मुकाट्याने स्वतःच्या नावे घालावी लागली.

"काका, तुम्ही शपथ घेतलीत. उजेडात पाऊल टाकलं नाही म्हणून."

"नाहीच टाकलं. लाल दिवा लावला फक्त. लाल म्हणजे काय उजेड? जन्म गेला त्याच्याखाली. कागदाला निळा जाळतो, लाल दिसतसुद्धा नाही. सिस्टरच्या मशीनमध्ये निळा पाहिला, तेव्हाच म्हटलं, कातडीचंही कागदासारखंच दिसतंय. आणि मी तपासून घेतला की. नवा दिवा होता. कागदावर नाणं ठेवलं, दिव्याखाली चहा पिऊन होईपर्यंत राहू दिलं, मग कागद धुतला. नाण्याचा डाग उठला असता तर दिवा खोटा. नाही उठला."

"तो कोरा कागद."

"पास झालेला दिवा, बाई."

"कागदाला पास झाला, काका. कातडीला नाही."

त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"सिस्टरला काढतायत म्हणे. मग सांगायलाच पाहिजे. मी मुलाला दिलेलं वचन मोडून खाली गेलो, हे सांगा. पण दिवा कुणी आणला ते सांगू नका. जुना फुटला होता. मी कुठे जाणार आणायला? सून पोर आहे, बाई. गुपचूप आणला, गुपचूप किल्ली दिली. तिला एवढंच माहीत की म्हाताऱ्याला दोन दिवस कुणी हटकणार नाही आणि त्याला खाली काहीतरी करायचंय. दिवा मी आणला म्हणा."

"मी खोटं लिहीत नाही, काका."

"मग मला सोडवू नका. राहू दे मलाच खोटारडा."

६

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे बसले होते. समितीला दुपारी भेटायचं होतं. बाईंनी सकाळ मागून घेतली होती. सिस्टर दाराशी उभी होती. तिला बसायला सांगितलं तरी ती बसली नाही.

बाईंनी एकेक करत पानं उलटल्यासारखं सांगितलं. मलम सगळीकडे सारखा वेळ राहिलं, पण कपाळ वाचलं. म्हणजे दोष मलमाचा नाही. दोन्ही कान सारखे भाजले. म्हणजे खिडकी नाही, गाडी नाही. फोड नेमके मलमाच्या हद्दीवर थांबले. व्हिनेगर चोपडलं असतं तर ओघळून हद्द ओलांडली असती, आणि वासही डोक्याला आला असता, बाहीला नाही. उरतो तो वरून आलेला उजेड, आणि त्याच्याखाली तास न् तास मान खाली घालून उभा राहिलेला माणूस. मग त्यांनी डार्करूम सांगितली, लाल दिवा सांगितला, नाणं सांगितलं.

मुलगा दोन्ही हातांत डोकं धरून ऐकत होता.

"लाल दिव्याखाली कुणी दोन दिवस उभा राहील, हे मला कसं सुचणार?" डॉक्टर म्हणाले.

"सुचायला हवं होतं असं मी म्हणतच नाही," बाई म्हणाल्या. "पण मग सिस्टरला तरी कसं सुचणार?"

डॉक्टरांनी पुढ्यातलं पत्र उचललं, त्याच्याकडे पाहिलं, आणि चार तुकडे करून टोपलीत टाकलं. "मलम राहू दे, असं मी म्हणालो होतो," ते टोपलीकडे बघत म्हणाले. "काल रात्री आठवलं."

"उशिरा का होईना," बाई म्हणाल्या. "जमेला धरते."

आत्या इतका वेळ गप्प होती, ही तिच्यासाठी शिक्षाच होती. "ते सगळं ठीक. पण जुना दिवा मिणमिणता होता, मला माहितीय. हा नवा आणला कुणी? भाऊ तर घराबाहेर पडत नाही."

बाईंनी कागदाची कड नीट केली.

"दिवा काकांच्या सांगण्यावरून आला," त्या म्हणाल्या. "काकांनी तपासला, काकांनी पास केला. अहवालात एवढंच आहे, आणि एवढं खरं आहे."

"पण आणला..."

"मी आणला," सून म्हणाली.

आवाज तिचा नेहमीचाच होता, हळू. पण तो खोलीभर पुरला.

"दुकानात साधा लाल मिळाला नाही. हा एलईडी आहे, उजेड जरा जास्त पडतो, दुकानदार म्हणाला. मला वाटलं बाबांना नीट दिसेल." ती नवऱ्याकडे वळली. "नंतर बाहेरून फक्त कुलूप लावलं. कप आणायला आत गेले नाही, कारण दार उघडायचं नाही म्हणाले होते. ते भाजतायत हे मला कसं कळणार? पण कळल्यावर बोलायला पाहिजे होतं. सिस्टर उगाच..."

"मला का नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला.

"तुम्ही किल्ली लपवली असती."

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग तो खरं बोलला. "हो. लपवली असती."

आत्या रुमालाने डोळे पुसायला लागली. बाईंच्या ध्यानात आलं की ती रडत नव्हती. व्हिनेगरचं म्हणणं मागे कसं घ्यावं याचा विचार करत होती. शेवटी तिने सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. माफीतला तिला जमणारा हप्ता तेवढाच होता.

"पण खाली होतं काय त्यांचं?" मुलाने विचारलं. "काय एवढं करायचं होतं?"

बाईंनी पिशवीतून फोटो काढले आणि टेबलावर मांडले. तो एकेक बघत गेला. शाळा, कारखाना, साहेब. तिसऱ्या फोटोवर त्याचं बोट कडेला गेलं आणि तिथेच राहिलं.

"आईचा हात," तो म्हणाला.

७

सूज उतरायला बरेच दिवस लागले. मानेवर नवी कातडी येत होती, बाळाच्या टाचेसारखी गुलाबी. पट्टी बदलायला रोज सिस्टरच यायची. त्या दिवशी डोळे पुरते उघडले होते, आणि काकांनी मुलाकडून फोटो मागवून घेतले होते. खोलीतला दिवा मंद होता. लाल नव्हता.

टाचणीबाई सहज म्हणून आल्या होत्या. त्या कधीच सहज म्हणून कुठे जात नसत, पण त्या दिवशी त्यांनी तसं सांगितलं.

"उजेड परतवायचा पत्रा तीच धरायची," काका म्हणाले. "लोकांच्या तोंडावर सावली नको म्हणून उन्हात उभी राहायची, माझ्याइतकीच. हात कडेला यायचाच. घरी येऊन मी कापायचो. प्रत्येक फोटोतून. गिऱ्हाईक काय म्हणेल? सगळं विकतोय म्हटल्यावर ध्यानात आलं, हिचा एकही हात मी शिल्लक ठेवला नाही. निगेटिव्हमध्ये होता तेवढाच."

"अजून बरेच राहिले असतील," बाई हळू म्हणाल्या. "आणि कागद गेले."

"गेले. पण एवढे झाले." त्यांनी गठ्ठ्यातला एक काढून सिस्टरपुढे धरला. "तू हा घे. माझ्यापायी तुला गुन्हेगारासारखं दारात उभं केलं त्यांनी."

सिस्टरने हात पुसले. फोटोवर बोटं उमटू नयेत म्हणून कडेने धरायचा, हे काकांनी शहरातल्या प्रत्येकाला आयुष्यभर बजावलं होतं. तिलाही शाळेच्या फोटोच्या वेळी बजावलं असणार. तिने तो अगदी कडेने, दोन बोटांच्या चिमटीत धरला. आणि तिचा अंगठा नेमका फोटोतल्या त्या दुसऱ्या हातावर टेकला.

ती दचकून अंगठा काढायला गेली.

"राहू दे," काका म्हणाले. "उमटू दे."